दीड बाय दीड

मधल्या वारी गर्दी नसते.
सकाळपासून विट्याच्या दोन मोटरसायकली,
ताकारीचं एक नुकतं ठरलेलं जोडपं,
आणि पावतीपुस्तकाच्या मागं चौकोन काढत बसलेला मी.
सागरेश्वरच्या या फाटकाची खिडकी दीड फूट बाय दीड फूट.
तिच्यातून लोकांचे नुसते हात दिसतात,
तोंड बघायचं तर वाकावं लागतं.

तो हात आला तेव्हा मी वाकलो नाही.
मनगटभर गोंदण, अंगठा मधोमध चिरलेला,
मुठीत घामेजलेली पन्नासची नोट.
"एक द्या. ह्यो नातू हाय, ह्याचं पडतंय का?"
म्हटलं, वय किती?
"वय ठावं न्हाई. दुसरीत हाय."

तिकीट फाडलं. तीस रुपये.
ती हसली, मनातल्या मनात काही मोजून झाल्यावर.
"हितं मला दिसाला चार रुपय पडायचं.
साडेसात दिसाचं काम घेतलंस की रं, लेकरा."

तेव्हा मी वाकलो.

बायाक्का मासाळ, डोंगराच्या पल्याडची.
मागं रांग नव्हती, म्हणून ती सांगत गेली
आणि मी ऐकत गेलो.

"उघडा हुता ह्यो डोंगर, कातरलेल्या मेंढीवानी.
देवाच्या नावात सागर
आन् आमच्या डोईव घागर.
खालच्या हिरीचं पाणी वर न्ह्यायचं,
रोपाला तांब्याभर. वाटंत सांडलं
तर मुकादम डोळं वटारायचा.
खड्डा दीड बाय दीड.
पहारीतनं ठिणगी निघायची, मुरूम न्हाई.
करंज, खैर, शिसव, सीताफळ…
माझी बारा शेरडं हितंच चरायची.
दिवसा मी लावायची, सांजंला ती खायाची,
दंड माझ्याच मजुरीतनं कापला.
मंग तार आली.
शेरडं इकली."

रोपं जगली.
हरणं आली, हरणांची हरणं झाली,
तारेला कुठं कुठं भोकं पडली.
आता रात्री चितळं खाली उतरतात
आणि तिच्या पोराचा मका खातात.
पोरगं पहाटेपर्यंत पत्र्याचा डबा बडवतं,
लावणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारतं.
"माझ्या म्होरंच. त्याला काय ठावं,
त्यातली एक पिढी चुलीम्होरं भाकरी थापतीय."

मी कपाटाकडं हात केला.
नुकसानभरपाईचा अर्ज असतो आमच्याकडं,
सातबारा, फोटो, पंचनामा, तीन प्रती.

"त्यापायी न्हाई आले.
एक झाड बघायचंय.
ह्याचा बा पोटात हुता. कळा आल्या
तवा रोप खड्ड्यात ठिवलं हुतं,
माती वढायची ऱ्हायली.
बायांनी मला उचलून खाली न्हेलं.
पुन्यांदा त्या अंगाला काम निघालंच न्हाई.
कुणी वढली का न्हाई,
येवढंच बघून येते."

कुठल्या अंगाला, मी विचारलं.
तिनं हात वर केला,
आणि बोटापुढं सगळाच डोंगर होता, हिरवागार.

मी चौकोन काढत राहिलो.
विट्याची पोरं गेली, जोडपं गेलं.
दुपारी एक सांबर ओरडलं, दोनदा.
पाच वाजता फाटकाची घंटा दिली
तेव्हा ती उतारावरून येताना दिसली,
नातू पुढं, ती मागं,
एका हातात चपला.

सापडलं का?

"समदीच म्होटी झाल्यात की.
कुठलं म्हणून म्हणू?"
मग जरा थांबून,
"मातीबिगर ऱ्हायलेलं एकबी दिसलं न्हाई."

तिकीट तिनं घडी घालून पिशवीत ठेवलं,
चंचीत, सुपारीशेजारी.
पोराला दाखवणार म्हणाली.

नातवाच्या चड्डीचा खिसा फुगलेला होता,
पिकल्या सीताफळाचा वास खिडकीत आला.
माझ्या डोक्यावरच पाटी आहे:
फळे तोडल्यास पाचशे रुपये दंड.
मी पावतीपुस्तक मिटलं,
शिसपेन्सिल टेबलाखाली पडली होती,
ती बराच वेळ शोधत बसलो.