जांभळं निवेपर्यंत

मंगळवारच्या बाजारात कलिंगडाच्या ढिगामागे
इराव्वा गोणपाटावर पाला मांडून बसते.
गुळवेल. निरगुडी. तरवडाची साल.
कशावर लागतं, विचारलं
तर म्हणते, "कुणाला झालंय, ते सांग आधी."
मी म्हणते, कुणाला नाही, प्रयोगाला.
ती हसते.
प्रयोगाचे वीस रुपये जास्त घेते.

पाला उन्हात नाही, सावलीत सुकवायचा.
मे महिन्यात विडी घरकुलात सावली
एकाच जागी मिळते, कॉटखाली,
जिथं अम्माची तेंदूपानं
ओल्या फडक्यात गुंडाळलेली असतात.
माझी निरगुडी आणि तिचा तेंदू
पंधरा दिवस एकमेकांच्या वासात निजले.

हत्तुरे मॅडम म्हणतात, वास लिहायचा नाही,
आकडा लिहायचा.
आकडा असा येतो:
नळीत गडद जांभळं ओतायचं,
एकट्या पडलेल्या इलेक्ट्रॉनचं हावरं जांभळं,
कुणाकडूनही ओरबाडून घेणारं.
त्यात पाल्याचा अर्क. अर्धा तास अंधार.
अर्कापाशी देण्यासारखं काही असलं
तर जांभळं निवत जातं, पिवळं पडतं
वाळत राहून गेलेल्या चादरीसारखं.
मग पाचशे सतरावर यंत्र मोजतं
कुणी किती दिलं.

गुळवेलीनं बरं दिलं.
तरवडानं इतकं, की मला वाटलं नळीच खरकटी होती.
मग एका रविवारी, कुणाला न विचारता,
मी अम्माच्या कातरणातला तेंदू दळला,
फर्म्याबाहेर उरलेले कोपरे,
जे ती बंबात घालते.
अर्धा तास.
नळी पिवळीधम्मक.

म्हणजे पान चांगलं होतं, अम्मा.
चाळीस वर्षं सुपात घेऊन बसलीस ते
आपल्यातलं देणारं पान.
आत काय भरायचं
हे त्यानं कुठं ठरवलं?

दुसऱ्या मजल्यावर नियम उलटा.
तिथं ताटलीच्या तळाशी गाठीच्या पेशी,
पुण्याहून बर्फातून आलेल्या,
कुणाच्या तरी तोंडातल्या.
कुणाच्या, ते बाटलीवर लिहीत नाहीत.
तिथं जे जिवंत तेच जांभळं होतं,
आणि मी जांभळं न दिसण्याची वाट बघते.
तरवडाखालचे खळगे फिके निघाले.
मी धावत सांगायला गेले.
मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या,
इतकं ओतलं तर मीठसुद्धा मारतं.
पुन्हा कर. कमी कर.
आणि धडधाकट पेशींवरही कर,
त्या जगतात का बघ.

अम्माच्या डाव्या गालात आत
पांढरा चट्टा आहे, मिश्रीच्या बोटाएवढा.
शेंगाचटणी चरचरते म्हणून
ती भाकरी दुधात कुस्करते आणि म्हणते, वयच झालं.
काल विडी वळता वळता, मान न उचलता,
तेलुगूत विचारलं,
तुझ्या पाल्याचं झालं का काही?
काचेत झालं, म्हटलं.
"मग?"
काच म्हणजे गाल नव्हे
हे तेलुगूत कसं सांगायचं, मला येत नाही.
मराठीतही मी ते फक्त वहीत लिहिलंय.

नळाशेजारी रंगाच्या डब्यात सदाफुली आहे.
तिच्या जातीचं विष खरंच सुईपर्यंत पोचलं,
रक्ताच्या दुखण्यातली पोरं त्यानं उठली.
पण त्याला वर्षं लागली, ढिगांनी पाला लागला,
आणि मोजत बसलेली माणसं.
इराव्वाकडे घाईतले लोक येतात.
त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे
अजून अर्ध्या तासाचा अंधारच आहे.

सोमवारी सिव्हिलला जायचं ठरलंय.
अम्मा म्हणते, हजार पुरे झाल्यावर.
म्हणून मी शेजारी बसले.
फर्मा ठेवायचा, कात्री फिरवायची, शीर खरवडायची.
सातशेपर्यंत बोटं तपकिरी झाली.
साबणानं गेलं नाही.

कोपरे बंबात टाकायला ती उठली,
तेव्हा मी सूप धरून ठेवलं.
"कशाला हवेत?"
असू दे, म्हटलं.
तिनं एक कोपरा उचलला,
उजेडाकडे धरून
खूप वेळ त्याच्या शिरा बघितल्या,
जसं ते पान
तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं.