कसला लाल

कास्त्रोच्या इस्पितळातून रोज साडेसहाला फोन येतो.
मी जेवलो का, हे ती विचारत नाही.
विचारते, विधवेचा तुरा आज कुठल्या रंगाचा?
लाल, मी म्हणतो.
कसला लाल, एदुविहिस म्हणते,
तू होड्यांना देतोस तो, की जिवंत?

चाळीस वर्षं मी होड्यांच्या फळ्या वाकवल्या.
लाकूड कुठे चिरणार ते माझ्या अंगठ्याला आधी कळतं.
कोंबड्यांतलं काही कळत नव्हतं.
सात माद्या आणि एक नर याच अंगणात राहायचे,
पण ते तिचे शेजारी. माझी त्यांची बोलचाल नव्हती.

आता खुराड्याशी वाकलो की गुडघे बोलतात.
कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर लिहायचं, असा हुकूम आहे:
सोमवार. चार अंडी. तीन निळी, एक तपकिरी.
मंगळवार. तीन. त्यातलं एक बिनकवचाचं,
भिजलेल्या बटव्यासारखं तळहातावर लोळलं.
मी घाबरून सांगितलं तर ती हसली,
हसता हसता खोकली.
डब्यातले शिंपले संपले असतील, म्हणाली.
किनाऱ्यावरून पोतंभर आण, चुलीत भाज, कूट.
नाहीतर ती स्वतःच्या हाडांतून चुना काढते, बिचारी,
आणि तरी अंडं देतेच.

अंडी धुऊ नकोस. वर एक साय असते, डोळ्यांना न दिसणारी,
तीच राखण करते.
आणि निळं फोडून बघ, कवच आतूनही निळं.
तपकिरी नुसतं वरवर, आत पांढरं.
तुझ्या भावासारखं.

गुरुवारी वारा इतका की फेरी बंद, फोनही मुका.
विधवा कोपऱ्यात उभी, शेपूट खाली, डोळे मिटलेले,
पाणी प्यायला बोलावलं तरी येईना.
पोटाखाली हात घातला. आत कठीण काहीतरी अडलेलं.
एदुविहिस एकदा बोलता बोलता म्हणाली होती,
आणि मी तेव्हा करवत चालवत होतो.
तेवढंच आठवलं: ऊब, पाणी, अंधार, घाई नाही.
परातीत कोमट पाणी. तिला छातीपर्यंत बसवली,
धरून राहिलो.
माझ्या बोटांखाली तिचं काळीज
छोट्या इंजिनासारखं धावत होतं.
मग टॉवेल, चुलीजवळची पेटी, वर घोंगडी.
रात्री दीडला ते पडलं,
सुरकुतलेलं, एका बाजूला रक्ताची रेघ.
मी ओरडलो. घरात कुणीच नव्हतं.
कॅलेंडरवर लिहिलं: शुक्रवार. एक.

शनिवारी लोकरीची टोपी घेऊन गेलो. जाडच पाहिजे, म्हणाली होती.
कशाला, ते मी विचारलं नाही.
खिडकीकडे बघत ती सांगत होती,
मलाही दिव्यासमोर धरलं रे.
आपण खुडूक कोंबडीखालची अंडी बघतो तसं.
जाळं दिसलं तर जीव,
नुसतं लाल कडं दिसलं तर गेलं.
यांना काय दिसलं ते नीट सांगत नाहीत.
डॉक्टर पोरगा चांगला आहे,
पण कोंबडी कधी धरली नसेल त्यानं.

मे उजाडला तशी अंगणभर पिसं.
मला वाटलं कोल्हा आला.
दाराशी माना उघड्या पडलेल्या सात म्हाताऱ्या
माझ्याकडे रागानं बघत होत्या.
सहा दिवस कॅलेंडरवर शून्य.
पिसं झडतात तेव्हा अंडं नाही, ती फोनवर म्हणाली,
एका वेळी एकच काम होतं अंगाला.
मासळीची डोकी उकडून घाल. आणि त्यांना हात लावू नकोस,
नवं पीस फुटताना दुखतं.
मी बरं म्हणालो.

आणि विधवेचा तुरा?
तुरा फिकट होता. जुन्या फडक्यासारखा.
लाल, मी म्हणालो.
पलीकडे कुणाची तरी ढकलगाडी गेली, चाक करकरलं.
कसला लाल, हे तिनं विचारलं नाही.
थोडं थांबून म्हणाली,
जेवलास का?