तोच मासा

मातोझिन्यूशच्या कारखान्यात एकतीस वर्षं झाली.
आधी झाकणं दाबायचे, आता डबे गुंडाळते.
एका हाताने डबा, दुसऱ्याने कागद,
चार घड्या, तळाला डिंकाचं बोट,
दिवसाला अकराशे.
माझं नाव एर्मेलिंदा. ते कुठल्याच डब्यावर नाही.

पूर्वी डबा उघडाबोडका असायचा.
झाकणावर ठोकलेला आकडा, कडेला ओशट बोटांचे ठसे.
सव्वा युरो.
बंदरावरचे हमाल पावात घालून खायचे,
महिनाअखेरीला शाळामास्तरसुद्धा.
तरी गोदामात डब्यांवर डबे चढत गेले
आणि म्हाताऱ्या तेल्मूशेटच्या कपाळावर आठ्यांवर आठ्या.

मग लिस्बनहून त्याचा मुलगा आला, व्हाल्देमार.
मासा त्याने चाखलासुद्धा नाही.
डबा खिडकीपाशी नेला, उजेडात फिरवून फिरवून पाहिला,
लग्न जमवणाऱ्या आत्याबाईसारखा,
आणि म्हणाला, "याला काहीतरी नेसवा."

आला कागद. पिवळाधमक, त्यावर निळी होडी,
होडीत एक मिशीवाला, या बंदरात कधी कुणी न पाहिलेला,
खाली सोनेरी अक्षरं : १९११ पासून.
(कारखाना माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा आहे.)
किंमत पावणेसात.
मी म्हटलं, बुडालो आता.

सहा आठवड्यांत गोदाम रिकामं.
मोठ्या जहाजांतून उतरणारे पाहुणे
डबा छातीशी धरून फोटो काढतात.
एक बाई डोळे मिटून म्हणाली, यात समुद्राची आठवण आहे.
असेल बाई.
मला तेल दिसतं, मीठ दिसतं,
तमालपत्राचा तुकडा दिसतो, त्याच गोणीतला.

माझा नवरा आदेलिनू जन्मभर आमच्या माशाला नावं ठेवत आला.
"मांजराला ठीक."
एका रविवारी मी त्याच्यासमोर पिवळा कागद सोडला,
सावकाश, घडीघडीने.
त्याने बशीतलं तेलसुद्धा पावाने पुसून खाल्लं.
"याला म्हणतात मासा. तुमच्याकडे असा का नाही करत?"
मी एप्रनमध्ये तोंड लपवून हसले.

रात्री तो घोरायला लागल्यावर दोन बशा मांडल्या.
एकीत नागड्या डब्यातला, एकीत कागदातला.
मला सगळं ठाऊक. दोन्ही एकाच दुपारचे, एकाच घाण्याचे.
चाखला. पाणी प्यायले. पुन्हा चाखला.
देवाशपथ सांगते,
कागदातला चांगला लागला.

ओट्याला टेकून कितीतरी वेळ उभी राहिले.
व्हाल्देमारवर चिडावं, तर
जीभ माझीच फितूर.

पगारवाढ मी याआधी दोनदा मागितली होती.
एप्रनमध्ये, दारात उभी राहून,
नखांत खवले. दोन्ही वेळा उत्तर, "बघू."
त्या सोमवारी बहिणीने पाठवलेला गडद निळा कोट घातला,
पॅरिसच्या मोठ्या दुकानातला, म्हणाली होती ती.
केस वर बांधले.
वाक्य तेच. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

व्हाल्देमार उठून उभा राहिला.
खुर्ची पुढे केली.
"बसा ना, दोना एर्मेलिंदा."
एकतीस वर्षांत त्या खोलीतल्या खुर्चीला
मी फक्त फडकं मारलं होतं.
गादी मऊ निघाली. एक स्प्रिंग टोचत होती.

तासाला तीस सेंट वाढले.

कोट खुंटीला लावताना खिशात काहीतरी करकरलं.
चुरगळलेली पावती.
जुन्या कपड्यांचा बाजार, चार युरो.

इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं.
पावती सपाट केली, चार घड्या घातल्या,
आणि होती तिथेच परत ठेवली.