चार तास

बैठकीत प्रश्न निघाला :
किती तास हरवलेले चालतील?
चेअरमन म्हणाले, एकही नाही.
मग मी दर सांगितले,
एकही नाही याचा,
एका तासाचा,
चारांचा.
बाहेर सेहेचाळीस अंश.
चार चालतील, ते म्हणाले,
आणि शेंगदाण्यांची वाटी माझ्याकडे सरकवली.

जळगाव एमआयडीसीत, चटईच्या कारखान्यामागे
संघाची ती खोली. तिथे बारा महिने अठरा अंश.
मे महिन्यात मी स्वेटर पिशवीत घालून निघते,
रिक्षावाले बघतात.

सावद्याच्या, फैजपूरच्या, रावेरच्या काट्यांवरून
केळीची वजनं येतात,
दांडा वजा, गाडी वजा,
आणि दर चार तासांनी मी त्यांची प्रत काढते.
एक शेजारच्या रॅकमध्ये.
एक अशी, की लिहिली की तीस दिवस
कुणालाच पुसता येत नाही,
मलाही नाही, चाव्या सगळ्या माझ्याकडे असून.
ते कुलूप भंगाळे सरांनी बसवलेलं.
माझ्यावर भरवसा नाही का, मी विचारलं होतं.
तुझ्यावर आहे, ते म्हणाले,
तू होऊन येणाऱ्यावर नाही.

तिसरी टेपवर. ती दर शुक्रवारी धुळ्याला जाते,
हिलाल देवरेच्या जीपमधून, एरंडोल, पारोळा करत.
पेटीमा काय शे वो ताई?
कालना दिन शे, मी माझ्या मोडक्या अहिराणीत.
तो हसत नाही.
पेटीला सीटचा पट्टा लावतो,
पोराला लावावा तसा.

आखाजीच्या रात्री मी माहेरी होते,
निंबाला झोका, हातावर मेंदी.
आणि मी खोलीतही होते.
एक वाजून पन्नास मिनिटांनी,
दोनच्या प्रतीला दहा मिनिटं बाकी असताना,
माझ्या नावानं, माझ्या पासवर्डनं
कुणीतरी आत आलं.
सगळ्या फायली गोठवल्या.
शेजारचा रॅक पुसला.
मग त्या कुलपापाशी आलं.

नोंदवहीत अजून आहे ते :
अकरा वेळा माझं नाव
आणि अकरा वेळा पुढे, परवानगी नाही.
मला आयुष्यात पुष्कळ ठिकाणी नकार मिळाले,
पण असा एकही नाही
की जो मी पुन्हा पुन्हा वाचला,
भिंतीला पाठ टेकून, ओल्या मेंदीच्या हातांनी.
भंगाळे सर असते तर म्हणाले असते,
चहा सांग आधी.

सतरा तास लागले.
रात्री दहापर्यंतचं जग जसंच्या तसं परत आलं.
मधेच दारात हिलाल,
सण सोडून, कुणी न बोलावता :
ताई, कालना दिन लई वनू.
पेटी लागली नाही.
मी त्याला पुरणपोळीचा डबा दिला, तो त्यानं पट्ट्याखाली ठेवला.

राहिले ते चार तास,
चालतील म्हटलेले.
त्यांत दिल्लीकडे निघालेल्या गाड्यांच्या
त्रेसष्ट पावत्या.
गावोगाव निरोप गेले. लोक आले,
खिशातून, टोपीतून, मोबाइलच्या कव्हरमागून कागद काढत.
यावलकडच्या सायराबाई तडवींच्या पावतीवर
केळीचा चीक सांडलेला,
तपकिरी, पक्का, कशानंही न जाणारा,
नेमका आकड्यावर.
अकरा क्विंटल की सतरा?
मी कागद दिव्याला धरला.
बाई म्हणाल्या, सतरा.
मी सतरा लिहिलं.
त्याची पडताळणी करणारं काही
आमच्या खोलीत नव्हतं.

एकसष्ट आल्या.
दोन आल्या नाहीत.
कोणाच्या, ते काट्यालाही आठवत नाही.
यादीत त्या दोन ओळी मी मिटवल्या नाहीत,
रिकाम्या ठेवल्यात, क्रमांकासकट,
आणि दर चार तासांनी
त्यांचीही प्रत निघते.