चेन नको

एर्मेलिंदा कापड आणते तेव्हा आधीच सांगते,
चेन नको.
पाठीला बटणं लाव. अकरा. बारीक. शिंपल्याची.
पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं,
अगं, पाठीकडे हात पोचायचा कसा?
ती म्हणाली, पोचू नयेच कुणाचा.

दिवाडीच्या धक्क्याला लागून माझं दुकान.
फेरीबोटीची लोखंडी फळी सिमेंटवर आदळते
आणि तिचं बोलणं अर्ध्या शब्दात थांबतं.
मग उरलेला अर्धा ती बोलते,
मधे काही झालंच नाही अशी.
माझाही पाय मशीनवर थांबतो. सवय.

कुवेतहून आली नव्वद साली.
बस, वाळूतला तंबू, विमान,
हातात कुणा दुसरीच्या पोराची दुधाची बाटली.
भरपाईचा फॉर्म तिच्या भावाने
माझ्याच कापायच्या टेबलावर भरला:
चार महिन्यांचा पगार, फ्रीज, दोन बांगड्या,
पंखा. लिही, टेबलफॅन, नवा होता.
आणखी काही? भावाने विचारलं.
ती माझी कात्री उघडत होती, मिटत होती.
काही नाही, म्हणाली,
आणि माझ्याकडे वळून: ह्याला अस्तर किती लागेल?
भावाने खाली रेघ मारली. पट्टीने. सरळ.

ऑगस्टात बोंदेरा. निशाणं मीच शिवते,
भांडणाऱ्या दोन्ही वाड्यांची.
पोरं बांबूच्या फोटाशीत तेफळं भरून
एकमेकांवर झाडतात,
मरून पडतात, उठतात, पाव खायला पळतात.
त्या शनिवारी ती माझ्या मागच्या खोलीत
तागे रचलेत तिथे बसते, बटणं मोजत.
चुकली की पहिल्यापासून.
दार लावलं तर तिला चालत नाही,
उघडं ठेवलं तरी नाही.
मग दारातच स्टूल टाकते मी, पाठ तिच्याकडे करून,
हातात काहीतरी उसवायचं काम.

तिने मला कधी सांगितलं नाही.
गावात सांगतात ते मी ऐकलेलं नाही.
माझ्या वहीत तिची मापं आहेत, तीस वर्षांची,
सगळी नजरेने घेतलेली.

यंदा आली, हात जरा वर केले.
बारीक झालेय बघ, म्हणाली, नीट घे.
टेप गार होती.
आधी मुठीत धरून ऊन केली.
एक खांदा. दुसरा खांदा.
पुरे, ती म्हणाली.
पुरे, मी म्हटलं.
बाकीचं अंदाजाने.