दावं

कुतैसीत, हिरव्या बाजाराच्या मागच्या गल्लीत
माझं दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं
की मला पोट आत ओढावं लागतं.
आधी इथे घड्याळं दुरुस्त व्हायची.
भिंग तेच आहे.

लामारा सकाळीच आल्या,
लॅपटॉप शालीत गुंडाळलेला,
शालीबाहेर लोंबणारी वायर.
"हिला सोडव, गुराम," म्हणाल्या.
बोट वायरीकडे होतं की यंत्राकडे, कळलं नाही.

चार वर्षं म्हणे असंच चाललंय.
प्लग हलला, पडदा काळा.
मांजर वायरीवरून गेलं, काळा.
संध्याकाळी विजेनं नुसता डोळा मिचकावला तरी
लिहिलेलं पान गेलं ते गेलंच.
पशुवैद्यक खात्यातून निवृत्त झाल्यापासून
मधमाश्यांच्या रोगांवर लिहितात त्या,
आणि घरात धड सॉकेट एकच, फ्रिजच्या कडेला.
म्हणून टेबल तिथे. म्हणून खुर्ची तिथे.
म्हणून चार वर्षं तोंड भिंतीकडे
आणि मधाच्या पेट्या पाठीमागे, खिडकीत.

"आमच्या गल्लीतली गाय माझ्याहून बरी.
तिला दावं नाही.
भर दुपारी पुलावर जाऊन बसते,
आणि बस थांबते."

मी यंत्र पालथं घातलं.
दहा स्क्रू, अंड्यांच्या ट्रेमध्ये, ज्याचा त्याचा खळगा.
मागचे दोन लांब आहेत;
लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला
तर थेट बोर्डात घुसतो.
हे मी एकदा शिकलोय, पदरचे पैसे भरून.

झाकण निघालं.
दहा वर्षांची धूळ, मांजराचे केस,
आणि पंख्याच्या पात्यात अडकलेला एक पंख.
त्यांनी माझं भिंग मागून घेतलं, उजेडात धरलं.
"नर," म्हणाल्या. "आयतोबा."

बॅटरी टम्म फुगलेली,
भट्टीच्या भिंतीवरून आत्ताच सोडवलेल्या रोटीसारखी.
माऊसची पट्टी खालून उचलत होती इतके दिवस,
आणि यांना वाटायचं, आपलीच बोटं थरथरतात.

"रागावलीय का ही?"
"दमलीय. पण दमलेल्याशीच जपून वागावं,
टोचलं की पेट घेतात."

वडिलांचा मासे धरायचा दोरा काढला,
रिओनीत भिजून भिजून गुळगुळीत झालेला,
कडेनं स्पिरिटचे चार थेंब सोडले
आणि डिंकाखालून करवतीसारखा ओढत राहिलो,
इकडून तिकडे, तिकडून इकडे.
दोघंही बोललो नाही.
मग ती सुटली. बूट चिखलातून सुटतो, तशी.

नवी चपटी, काळी, अंगावर बारीक चिनी अक्षरं.
तुर्कस्तानमार्गे एकवीस दिवसांनी आलेली.
बसली. टक्.

यंत्र जागं झालं, पण तारीख विसरून.
म्हणालं: एक जानेवारी, दोन हजार बारा.
मी दुरुस्त करायला गेलो, तर त्यांनी हात धरला.
"थांब. बसू दे मला तिथे जरा.
त्या दिवशी माझे सगळे दात होते.
आणि बँकेला माझं नावही माहीत नव्हतं."
मी चहा घेऊन आलो तेव्हा
आजची तारीख त्यांनी स्वतःच घातली होती.

जुनी दाराजवळच्या बादलीत, वाळूखाली.
गुरुवारी तिबिलिसीची गाडी येते, घेऊन जाते.
जाताना त्यांनी वाळूवर तळवा ठेवून पाहिला.
गार होती.
ऐंशी लारी दिले, आणि चेस्टनटच्या मधाची बाटली,
कडू, औषधासारखा.

रात्री अकराला फोन.
"एकशे बेचाळीस मिनिटं झाली.
अजून चालू आहे."
विचारलं, कुठे बसलात?
"फ्रिजजवळ. सवय.
पण वायर कपाटात टाकलीय."
मागे काहीतरी उघडल्याचा आवाज आला.
खिडकी असेल.
किंवा फ्रिज.