पांढरी भुकटी

बोरिक पावडर म्हटलं की ढमढेरेकाकांना
मंडळाचा कॅरम आठवतो.
"आम्ही चिमूटभर टाकायचो, तुम्ही किलोनं भाजता."
मी वजन करते. एकाला दोन युरिया,
खताच्या गोणीतला नव्हे, बाटलीतला, शुद्ध.

रात्री अकराला नळीभट्टी नऊशेवर.
बुडबुड्यांच्या बाटलीतून सुटलेला अमोनिया
डोळ्यांत झोंबतो. पाषाण रस्ता निजतो.
काका डबा उघडतात : गवारीची भाजी, गार.

सकाळी पांढरं ढेकूळ.
खलात कुटलं, गरम पाण्यानं चारदा धुतलं,
वाळवून एक्स-रेखाली धरलं.
आलेखात शिखर आलं
ते पर्वतीसारखं, पसरट.
मला सुई हवी होती.

पुन्हा भट्टी. मोठी. पंधराशे, नायट्रोजनमध्ये.
या खेपेला बोटांत घेतली तर
थरावरून थर घसरला,
जणू कुणाला धरून राहायचंच नाही तिला.

मुशीला आतून तिचा लेप दिला,
वितळलेलं ॲल्युमिनियम ओतलं,
निवेपर्यंत कुणी बोललं नाही.
उपडी केली.
चकती टणकन बाहेर. मुशीला डाग नाही.

काकांनी ती टेबलावर ठेवली,
पुसली,
अंगठ्यावर तर्जनी ताणली
आणि माझ्या वहीवर नेम धरला.